ठकी दुपारी कुठं जायची?

या ग्रुपवरचे अनुभव मी वर्षभर वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचते. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... असलं काही आलं की मला हसू येतं. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्याआधी वडिलांनी घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगू दिली नाही. तेव्हा मी इथं काही लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण वय आता नव्वदीला टेकलंय आणि ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. टॅबवर एका बोटानं टाइप करते, चुका सांभाळून घ्या.

१९४६ साल संपत आलं होतं, थंडीचे दिवस. आम्ही जामखेडला राहायचो. माझे वडील — त्यांना आम्ही नाना म्हणायचो — तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर बहुतेक वेळ दौऱ्यावर असत, त्यामुळे लोक नानांनाच डॉक्टर समजत. दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यात नाना, आई, दहा वर्षांची मी आणि ठकी.

ठकी म्हणजे आमची मांजर. तिरंगी, पुढचा उजवा पंजा तेवढा पांढराशुभ्र, आणि शेपटीचं टोक लहानपणी दारात सापडून मोडलेलं, त्यामुळे शेपटी टोकाशी काटकोनात वळलेली. खरं तर ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्कानं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं आणि ती देवळाली प्रवऱ्याला गेली. ठकीला बरोबर न्यायचं तिच्या फार मनात होतं, पण विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या वस्तीवर कुत्री लई हायेत, मांजर टिकायचं न्हाई." मग ठकी माझ्या वाट्याला आली.

तोवर ठकीला शिंकसुद्धा आलेली मला आठवत नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी शाळेतून जेवायला घरी आले, तर ती चुलीजवळच्या पोत्यावर पडलेली. हाक मारली, हलवलं, कान ओढला — काही नाही. मेली असं वाटून मी रडायलाच लागले. नाना दवाखान्यातून धावत आले. त्यांनी छातीला नळी लावली, मग थर्मामीटर लावला.

"जिवंत आहे. पण ठोके फार सावकाश पडतायत," ते म्हणाले. "अंगही थंड. हिनं काय खाल्लं होतं?"

"काय खायाची? रोजचीच भाकर-दूध," आई म्हणाली.

चारच्या सुमारास ठकी आपोआप उठली. घटाघटा पाणी प्यायली, लांब चालून आल्यासारखी पाय चाटत बसली. दुधाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी दहा-अकराला डोळे मिटायचे आणि दुपार कलली की उघडायचे. नानांनी एरंडेल पाजलं, कोळशाची पूड दिली, दात पाहिले, पोट चाचपलं. विषबाधा नाही, ताप नाही, जखम नाही. गुरांच्या पुस्तकात मांजराविषयी जी दोन पानं होती, ती त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. त्यात असं काहीच नव्हतं.

पाच-सहा दिवसांत ती इतकी वाळली की पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता यावेत. "अक्काला काय सांगायचं गं?" मी आईला विचारायची. आई मात्र नाना दवाखान्यात गेले की हळूच मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची.

गुळाचा वास पहिल्यांदा मला आला. ठकी नुकतीच उठली होती, मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं, तर उसाचा रस आटत असताना येतो ना, तो ऊन-ऊन, गोडसर, जरा करपट वास. मी आईला बोलावलं. आईनं हुंगलं आणि ती तिथंच बसली.

"ह्यो गुऱ्हाळाचा वास हाय," ती म्हणाली. "पर हितं कुठलं गुऱ्हाळ?"

खरंच कुठलं? जामखेडकडचा तो भाग कोरडा. ज्वारी, तूर, करडई. ऊस आम्हाला बाजारात दिसायचा तेवढाच. मी लहान असले तरी चौकस होते. घरातला गुळाचा डबा काढून हुंगला, मग ठकीला हुंगलं. दोन वासांत जमीन-अस्मानाचा फरक. डब्यातल्या गुळाला असा ताजा, वाफेचा वास नव्हता. शिवाय तिचे पंजे चिकट होते आणि बोटांच्या बेचक्यांत काळी राख. नानांनी कापसानं ते पुसून घेतलं, उजेडात धरून पाहिलं. कापसाला राखेबरोबर एक पांढरट धागा चिकटला होता. उसाच्या चिपाडाचा असतो तसा.

"कुणाच्या तरी घरात शिरत असणार," नाना म्हणाले. "आज कळेलच."

दवाखान्यात पिसाळलेली कुत्री ठेवायला लोखंडी पिंजरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ठकीला त्यात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली नानांच्या कोटाच्या खिशात गेली. त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास होता आणि मला शाळेतून लवकर सोडलं होतं, म्हणून दिवस पक्का लक्षात आहे. मी पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसले. साडेदहाला ठकीनं डोळे मिटले. नाना मधूनमधून येऊन गजांतून नळी लावून जात. दार बंद, कुलूप जागेवर, मांजर माझ्या डोळ्यांसमोर.

बाराच्या पुढं असेल... ठकी झोपेतच ओरडली. एकदाच, पण असं की बाहेर बांधलेले बैल दचकले. नाना आले. तिचे डोळे मिटलेलेच. मी म्हटलं, "नाना, तिचा कान बघा." डाव्या कानाच्या टोकावर चार आण्यांच्या पावलीएवढा लालभडक डाग उठला होता आणि आमच्या देखत त्यावर पाण्याचा फोड धरला.

नानांनी कुलूप काढलं, कान तपासला, मलम लावलं. एखादा किडा असेल म्हणून पिंजरा झाडला, तळाशी हात फिरवला. काही नव्हतं. मग ते टेबलापाशी गेले. जनावरावर केलेला प्रत्येक उपचार रजिस्टरात लिहायचा त्यांचा नियम होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. "मांजर, मादी. डावा कान भाजलेला." पुढं 'कारण' असा रकाना. नाना बराच वेळ टाक हातात धरून बसले आणि शेवटी तो रकाना कोरा ठेवून त्यांनी रजिस्टर मिटलं. मी त्यांना असं करताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आई म्हणाली, "मला अक्काकडं न्या."

"का?"

"मला ठावं असलेलं गुऱ्हाळ एकच हाय. माझ्या लेकीच्या घरचं."

"अगं, मांजराच्या वासावरून व्याह्यांच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी सांगा, आईला लेकीची सय आली."

नाना ऐकेनात. दोन दिवसांनी दाजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं कार्ड आलं. वर नेहमीचं 'इकडील सर्व खुशाल', आणि तळाला बारीक अक्षरात, 'तिला थोडी कणकण आहे, काळजी नसावी.' कार्ड टाकून बारा-तेरा दिवस झाले होते. नानांनी ते दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

ठकीला मागं ठेवायला मी तयार नव्हते. एरवी नानांनी ऐकलं नसतं, पण या वेळी ते स्वतःच म्हणाले, "टोपलीत घ्या." जामखेड ते नगर सर्व्हिस मोटार, मुक्काम नगरला ओळखीच्यांकडे, सकाळी मनमाडकडं जाणारी गाडी, राहुरी स्टेशनला उतरून बैलगाडी. पहिल्या दिवशी मोटारीत ठकी तशीच निपचित पडून होती. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो, अकरा वाजले, बारा वाजले... ती जागीच. टोपलीच्या फटीतून टकाटका बघत होती. मी नानांना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

वस्ती जवळ आली तसा तोच वास आला. घराच्या मागंच गुऱ्हाळ चालू होतं. रस आटवायची मोठी काहील चढलेली, धूर, चिपाडांचे ढीग. विहीणबाई पदर खोचून समोर आल्या. आम्हाला बघून त्यांचा चेहराच पडला.

"आलात व्हय? कळवनारच हुतो आमी... पोरीला इषमज्वर झाला. एकवीस दिस काढलं. पर आता उतार हाय. काल सकाळपासनं ताप न्हाई."

तेव्हा विषमज्वराला औषध नव्हतं. माणूस एक तर उठायचं, नाही तर जायचं. आई धावतच आत गेली. मी टोपली घेऊन मागं जाणार, तर ठकीनं झाकणातून डोकं वर काढलं. विहीणबाई थबकल्या.

"ही तुमच्या टोपलीत कवा बसली?"

"ही आमची ठकी," मी म्हटलं. "जामखेडहून आणली."

"जामखेडहून? आगं, ही तर पंधरा दिस झालं हितंच हाय. आज तेवढी दिसली न्हाई."

नाना पुढं झाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. पेशंटच्या मालकाला विचारत तसा. "विहीणबाई, नीट आठवून सांगा. किती वाजता यायची?"

"आमी सारी गुऱ्हाळावर गेलो की यायची. पोर एकलीच पडवीत पडल्याली, तिच्या पायाशी बसायची. दिस कलला की जायची कुठंतरी. दूध ठिवलं तर शिवायची न्हाई."

"शेपटी?"

"आशी मोडकी. ही काय."

"आणि हा कान?"

विहीणबाई जरा वरमल्या. "त्ये माझ्याच हातनं झालं, दादा. चतुर्थी हुती, मी उपाशी. ही काहिलीच्या कडंनं चालली म्हनून मी हातातला झारा उगारला, तर काकवीचा थेंब उडाला. डाव्या कानावर. लई कळवळली. मला दिसभर वाईट वाटलं."

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा उकळता पाक. नाना दारातल्या बाजेवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरली.

आत अक्का चटईवर. केस कापलेले, हाताच्या काड्या झालेल्या, पण शुद्धीवर. ठकी टोपलीतून उडी मारून थेट तिच्या पायाशी जाऊन बसली आणि अक्कानं हात लांब करून, न बघताच, तिच्या कानाला जपून बगल देत डोकं खाजवलं.

त्यानंतर ठकी दुपारची कधी तशी पडली नाही. विहीणबाईंनी स्वतःच ठेवून घेतलं तिला. वस्तीवरची कुत्री तिच्या वाटेला गेली नाहीत. पुढं सात-आठ वर्षं ती तिथं राहिली, दोन वेळा व्याली आणि एका पावसाळ्यात म्हातारपणानं गेली. अगदी साधं मांजर.

नानांनी प्रयत्न सोडला नाही. तिथं होतो तेवढे चार दिवस ते आजूबाजूच्या वस्त्यांवर विचारत फिरले, असं मोडक्या शेपटीचं दुसरं तिरंगी मांजर कुणी पाहिलंय का. कुणी पाहिलं नव्हतं. मीही पुढं आयुष्यभर हिशेब मांडून पाहिला. योगायोग म्हणावा तर एक योगायोग चालतो. कान, दिवस, वेळ, राख, वास — किती म्हणून धरायचे? विहीणबाई खोटं बोलल्या म्हणावं, तर आम्ही काही सांगायच्या आधी त्यांना चतुर्थीचा दिवस कसा कळला? फोड आमच्यासमोर, बंद पिंजऱ्यात आला. ते तर मी पाहिलंय. आणि ठकी तिथं जात होती असं मानलं, तर मग माझ्यासमोर पडलेली ती कोण?... या प्रश्नापाशी मी दर वेळी अडते.

अक्का साताठ वर्षांपूर्वी गेली. त्याआधी एकदा तिच्याकडे राहायला गेले असताना मी सगळं पुन्हा उकरून काढलं. म्हटलं, "अक्का, खरं सांग, पहिल्या दिवशी ठकी दिसली तेव्हा तुला नवल नाही वाटलं?"

ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तिचं कसलं नवल? मी हाक मारली, ती आली. मी तर तुम्हा सगळ्यांनाच हाका मारत होते. तुम्ही इतक्या उशिरा का आलात, याचंच मला नवल वाटायचं."