एका ओळीत दोन रंग

अक्षरांच्या बाबतीत माझ्या धाकट्या दिरांइतका हट्टी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंच्या पाठी रंगवण्यात घालवला. ओळीत दोन रंग नसले तर ती त्यांना अळणी लागते. मी नवी नवरी असताना ज्वारीच्या डब्यावर माझं नाव त्यांच्याकडून रंगवून घेतलं. अक्षरं मोठी काढा, असं मीच बजावलं. 'शकुंतला' डब्याला वळसा घालून गेली आणि समोरून नुसतं 'कुंत' दिसायचं. तरी आल्यागेल्यापुढे मी तो डबा स्वतः फिरवून दाखवायची. इतकी मी शहाणी.

आता भावजींचा हात थरथरतो, म्हणून सत्तरीत ते जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकले. तिच्यात पडद्यावर चित्रं काढायला हत्यारांची तयार पेटी मिळते, तिला लायब्ररी म्हणतात. त्यांच्या लेकीने टेम्पो घेतला होता आणि त्याच्या पाठीवर तिला तिच्या अण्णांचीच, म्हणजे भावजींचीच, ओळ हवी होती: 'आईचा आशीर्वाद'. तिच्या आईला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. 'आईचा' तांबडं, ठसठशीत. 'आशीर्वाद' पिवळं, बारीक, आणि पडद्यावरची ओळ छापून टेम्पोवर चिकटवायची, असं भावजींनी ठरवलं. पण लायब्ररी म्हणते, एका ओळीला एकच रंग, एकच जाडी. मग ओळ तोडा, पहिल्या शब्दाची रुंदी मोजा, दुसरा त्याला भिडवा. भावजींनी भिडवला. पण ओळ धरून सरकवली की 'आशीर्वाद' पुढे जाई आणि 'आईचा' जागच्या जागी.

"वहिनी, ही काय हालत न्हाई."

"हयातीत तरी कधी वेळेवर हालली होती?"

जाऊबाईंनी कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघण्यात घोडेगावच्या कितीतरी एसट्या चुकवल्या होत्या. एरवी भावजी हसले असते. त्या दिवशी मान खाली घालून खटपट करत राहिले. शब्द एकत्र बांधले तर एकमेकांवर चढत. सोडले तर ती पुन्हा मागे.

"दोन वेगळे कागद छापून चिकटवा की," मी म्हटलं.

"ठिगळाची ओळ म्या कधी दिली न्हाई."

लेक पेंड भरून श्रीरामपूरला निघाली होती. दारातून म्हणाली, "अण्णा, एका रंगात द्या ना. माझी तक्रार नाही."

"तुझी न्हाई. माझी हाय." मग पडद्याकडे वळून म्हणाले, "माझ्याच्यानं हुत न्हाई गं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

टेम्पो कोऱ्या पाठीनेच गेला. मी संगणक बंद करायला उठले. शेवटच्या ओढाताणीत 'आशीर्वाद' पडद्याबाहेर निघून गेला होता. 'आईचा' तेवढं तिथंच होतं, तांबडं, ठसठशीत.

"असू द्या, वहिनी," भावजी म्हणाले. "आज तिला कुठं जायची घाई न्हाई."

मी हात मागे घेतला.