वलांडीवरची राखण

दांडी गावच्या इंदुबाईला रिकामं बसवणं म्हणजे तिला शिक्षाच. उभा जन्म तिनं बोयसरच्या बाजारात मासळी विकली, गिऱ्हाइकांशी कडाकडा भांडली आणि त्याच गिऱ्हाइकांच्या पोरींच्या लग्नात पुढं होऊन नाचली. पण लेक विपुल जहाजावर नोकरीला लागला आणि त्यानं फर्मान काढलं, आईनं आता पाटी उचलायची नाही. एवढ्या मायेनं सांगणाऱ्या लेकाशी भांडायचं तरी कसं? ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारी आणि आतून झुरत असे.

घरात दुसरं माणूस म्हणजे नवी सून, हेतल. बोयसरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बोंबील साफ करताना डोळे मिटून घेणारी. दुपारी ती कॉम्प्युटरवर एक गेम खेळे. बर्फाच्या डोंगराखाली जादूचा मुलूख, तिथं आपण गाव वसवायचं, माणसांना कामाला लावायचं आणि थंडीतून जगवायचं. लग्नाआधी विपुलनं आणि तिनं मिळून ते गाव उभं केलं होतं. नवरा समुद्रावर, म्हणून ती त्या गावाला जिवापाड जपे.

एकदा इंदुबाई चहा घेऊन आत गेली तर सून डोळे पुसत बसलेली.

"काय झालं गो?"

"आई, लांडगे! गेममध्ये रात्र झाली की टोळी येते. तिरंदाज ठेवले, त्यांनाही फाडलं. शेवटचा माणूस मेला की गाव संपलं. परत मिळत नाही."

इंदुबाईनं पदरानं चष्मा पुसला आणि पडद्याला जवळजवळ नाकच लावलं. कुंपणाबाहेर, किनाऱ्यावर, बांबूच्या वलांड्यांवर मासळी सुकत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आणि घराघरावर हरणांची शिंगं टांगलेली होती.

"वलांडीवर राखण कुठं हाय?"

"राखण?"

"आपल्या दांडीला सुकत्या बोंबलापाशी म्हातारी बसते, ती काय हवा खायला? जंगलातली हरणं तुमीच मारून खाल्ली, मंग तो लांडगा बिचारा कुठं जाईल? कोनाला तरी बसव तिथं, शेकोटी पेटवून."

"सगळे कामात आहेत. रिकामं कोणीच नाही. म्हणजे..." हेतल अडखळली.

गावाच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या घरात एक म्हातारी बसली होती. डोक्यावर नाव होतं इंदुबाई. खाली विपुलनं काम लिहिलं होतं, आराम.

इंदुबाई बघतच राहिली. लेकाची माया तिला कळली, पण त्याच घटकेला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाव मरतंय आनि मी बसून खातेय? बाहेर काढ मला."

"आई, तुम्हाला काही झालं तर विपुल..."

"त्याला मी बघते. काढ!"

पडद्यावरची म्हातारी शेकोटीपाशी जाऊन बसली. अंधारातून टोळी आली, पुढं म्होरक्या लांडगा. हेतलचा हात माउसकडे गेला, इंदुबाईनं तो घट्ट धरून ठेवला. लांडग्याच्या फासळ्या दिसत होत्या.

"उपाशी हाय गो मेला. एक मासा टाक त्याला."

हेतलनं मासा टाकला. लांडगा उजेडाच्या कडेला थबकला, मासा तोंडात धरला आणि जंगलाकडं वळला. टोळीही त्याच्या मागोमाग गेली. हेतलनं सासूला मिठीच मारली. त्या थंडीत गावात एकही माणूस मेलं नाही.

आठवड्यानं विपुलचा फोन आला. गावाची चौकशी झाली तशी हेतलनं सगळं सांगून टाकलं.

"आईला थंडीत बाहेर बसवलंस?" तो कळवळला.

इंदुबाईनं फोन हिसकावून घेतला. "मीच बसले. तू मायेनंच घरात ठेवलंस मला, नाय म्हनत नाय. पन इथं रोज थोडी थोडी मरते रे मी."

पलीकडं इंजिनाचा आवाज कमी झाला, तो फोन घेऊन बाजूला आला असावा.

"आई," विपुल हळूच म्हणाला, "बाजारात जायचंय तुला?"

फोनवर दिसत नाही हे विसरून इंदुबाई जोरजोरात मान डोलावू लागली. शेवटी हेतलनं फोनजवळ तोंड नेलं.

"हो म्हणतायत," ती म्हणाली.