आमच्या तुरीतून जाणारी इंग्लंडची वाट

औराद तालुक्यातल्या आमच्या गावात राहणारे भूगोलाचे निवृत्त सर इंग्लंडला जितकं ओळखतात, तितकं खुद्द तिथला राजाही ओळखत नसेल. राजाला फार तर स्वतःचे राजवाडे माहीत असतील. कुठल्या खेड्यातल्या चर्चचा मनोरा कुठल्या अंगाला कलला आहे, कुठल्या पुलाखाली बदकं जमतात, कुठल्या गल्लीतली घरं म्हाताऱ्या मैत्रिणींसारखी एकमेकींवर रेलून उभी आहेत, हे सांगावं सरांनीच. आणि यातलं काहीही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सरांकडे पासपोर्ट नाही. त्यांचा आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास हैदराबादचा, तोही दाढ काढायला. त्या ठणक्यातच त्यांनी आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारातून मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक उचललं. इंग्लंडमधल्या छोट्या गावांची माहिती देणारं. दाढ गेली, पुस्तक राहिलं.

गावं मात्र छोटीच हवीत. लंडनचं नाव काढलं की सर नाक मुरडत. "मोठं गाव काय बघायचं? गर्दी बघायची तर बीदरला जा." गाव असं हवं, की चहा उकळायला ठेवून निघालं तर उतू जायच्या आत दुसऱ्या टोकाला हात लावून परत येता आलं पाहिजे. हल्ली फोनवर रस्त्यांची चित्रं दिसायला लागल्यापासून सर रोज जेवणाआधी एका गावात चक्कर मारून येतात. एकदा एका टुमदार गल्लीच्या तोंडाशीच चित्रं संपली, फोटो काढणारी गाडी आत शिरलीच नव्हती. सर तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पलीकडे नक्की जुनी पाणचक्की असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. काकू वैतागून स्वयंपाकघरातून विचारायच्या, "घरी जेवणार हाव का तिकडंच जेवून येणार?" सर मान वर न करता म्हणायचे, "पूल ओलांडतो अन् येतो."

वर्गातही त्यांचं हेच. फळ्यावर मांजरा नदी काढता काढता खडू कधी समुद्र ओलांडायचा ते कळायचं नाही. मग लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या एका गावाची गोष्ट निघायची. त्या गावानं ऐपतीबाहेरचं मोठं चर्च बांधलं, लाकडी चौकटींची घरं बांधली. पुढं लोकरीचा धंदा दुसरीकडं गेला, आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडं पैसाच उरला नाही. म्हणून ती घरं अजून उभी. "गरिबीनं गाव राखलं बघा," सर म्हणायचे, आणि खिडकीतून बाहेर बघत हळूच पुस्ती जोडायचे, "आपल्याकडं गरिबी तेवढी हाय. राखलेलं काय दिसंना." आमच्या तुकडीला मांजरेच्या उपनद्या कधीच सांगता आल्या नाहीत. लोकरीवर मात्र सगळे पास.

औरादच्या आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. भाजी घेता घेता ते थांबायचे आणि उन्हात बसलेल्या बायांकडे बघत राहायचे. तिकडच्या बाजाराच्या गावांत भर चौकात दगडी खांबांवर छप्पर असतं, कित्येक शतकांपूर्वी लोणी विकायला येणाऱ्या बायांसाठी बांधलेलं. ते आठवून सरांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा त्यांनी स्वतःची छत्री एका मेथीवालीच्या डोक्यावर धरली आणि पाऊण तास तसेच उभे राहिले. शेवटी तीच म्हणाली, "सर, जावा की आता. गिऱ्हाइकाला वाटायलंय तुमी मालक हाव."

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मोठे मामा चळवळीतले. इतर मुलांचे मामा खाऊ आणत, माझे मामा शबनम पिशवीतून पत्रकं आणत. 'धिक्कार' हा शब्द मी 'धपाटे' या शब्दाच्या आधी लिहायला शिकले. कॉलेजसाठी उदगीरला गेले ती तिथल्या छापखान्याची ओळख करूनच परतले, आणि जगात अन्याय होताना मी गप्प बसले असा दिवस गेला नाही. अन्याय सापडला नाही तर मी शोधायची. साहेबाच्या गावांचं इतकं कौतुक करणारा माणूस गावातच राहतो म्हटल्यावर फार शोधावं लागलं नाही. 'साहेब गेला, चाकर उरला!' असं मथळ्याचं पत्रक मी लिहिलं. ती चर्चं, ते पूल, ती टुमदार घरं आमच्या कापसावर आणि निळीवर उभी आहेत, असं त्यात ठणकावलं, आणि पारावर पहिली प्रत सरांच्याच हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती घरी परत आली. लाल शाईनं तपासलेली. खाली शेरा होता: 'राग योग्य. लूट झाली हे खरं. परंतु तू लिहिलेलं चर्च आपल्या निळीच्या पुष्कळ आधीचं आहे. तारखा पाहणे. दहापैकी सहा.'

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. "सर, त्यांनी आपल्याला लुटलं आणि तुम्ही त्यांच्या कौलांचं कौतुक करताय?"

"लुटीचा माल हवेल्यांत गेला, पोरी," सर शांतपणे म्हणाले. "कौलं बसवणाऱ्या गवंड्याला काय मिळालं? मी गवंड्याचं काम बघायलो. बस, चहा घे."

चहा घेतला. सहा मार्कांची सल मात्र गेली नाही.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. बसस्टँडवर शांताक्का भेटली. माळावरच्या वस्तीवर राहते, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, पोरांची खिचडी तीच शिजवते. तिचे डोळे भरलेले होते. वस्तीहून गावात येणारी जुनी पायवाट कुणीतरी तारेचं कुंपण घालून बंद केली होती. आता डांबरी रस्त्यानं मोठा वळसा पडायचा, रोज उशीर व्हायचा. आणखी उशीर झाला तर दुसरी बाई ठेवू, असं तिला वरून बजावलं होतं. मला एवढं पुरे होतं. मी रात्रीची वाट न बघता बसमध्येच, मांडीवर वही ठेवून पत्रक लिहिलं. 'गोरगरिबांच्या वाटा अडवणाऱ्या धनदांडग्यांनो, याद राखा!' आठवडी बाजारात स्वतः उभी राहून वाटलं. लोक हातात घ्यायचे, वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि हसू दाबत पुढं जायचे. किराणावाला अण्णा म्हणाला, "लई भारी लिहिलीस. घरी बी वाचून दाखव हं."

मी वाचून दाखवलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, भाकरी मोडता मोडता थांबून ऐकत होते. पत्रक संपल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "असल्या लोकांला चौकात उभं करायला पायजे! गरिबाची वाट अडवतोय म्हणजे काय!" मला वडिलांचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला होता, आमच्याच गावाचा. तिकडचे लोक आपल्या खेड्यांचे काढतात तसा सरांनी हातानं काढलेला. प्रत्येक विहीर, प्रत्येक पार, आणि तुटक रेघांनी दाखवलेल्या पायवाटा.

"लेखिकाबाई," सर म्हणाले, "शांताक्काची वाट कुठल्या शेतात अडली, इचारलीस का?"

मी विचारलं नव्हतं. पत्रकात शेताचा गट नंबर घालायची पद्धत नसते. अडवणारा धनदांडगा असतो, एवढं ठरलेलंच असतं.

सरांनी वस्तीपासून निघालेल्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. बोट ओढा ओलांडून आलं, बांधाला लागलं आणि एका चौकोनाशी थांबलं. चौकोनावर सरांच्या वळणदार अक्षरात अप्पांचं नाव होतं.

गेल्या वर्षी शेळ्यांनी तूर खाल्ली म्हणून यंदा अप्पांनी तार ओढली होती, हे मला माहीत होतं. त्या तुरीतून वाट जाते हे माहीत नव्हतं. अप्पांना वाट माहीत होती, पण आपण धनदांडगे आहोत हे माहीत नव्हतं. ते स्वतःला शेळ्यांनी नाडलेला शेतकरी समजत होते. आख्ख्या बाजारात हे न कळलेली माणसं दोनच, आणि दोन्ही एकाच घरातली.

"तिकडं शेत एकाचं अन् वाट सगळ्यांची असती," सर म्हणाले. "आपण त्याला वहिवाट म्हणतो. त्या गावांतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट चर्च न्हाई पोरी, वाट हाय. आता अप्पाला तू सांगतीस का?"

ज्या मुलीनं साम्राज्याला धारेवर धरलं होतं, तिला स्वतःच्या बापासमोर आठ दिवस तोंड उघडता आलं नाही. सकाळी ठरवायची, संध्याकाळी डोकं दुखायचं. एक रात्र तर मी 'प्रिय अप्पा' असं पत्रकच लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत 'याद राखा' आलं म्हणून फाडलं.

सर माझ्यासाठी थांबले नाहीत. तिकडच्या कुंपणांना माणसांसाठी लाकडी पायऱ्या असतात. माणूस चढून पलीकडे उतरतो, जनावराला ते जमत नाही. सरांनी पुस्तकातल्या चित्रावरून सुताराकडून दोन फळ्या आणि खुंट करून घेतले आणि आमच्या तारेवर बसवले. अप्पांनी त्या उपटून बांधावर ठेवल्या. सरांनी पुन्हा बसवल्या. अप्पा सरांच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, तोंडावर बोलायची प्राज्ञा नाही. सर घरी गेले की उपटायचे. तिसऱ्यांदा फळी बसवताना सरांचा गुडघा मुरगळला आणि त्यांना शांताक्कानं धरून त्यांच्या घरी पोचवलं. त्या दिवशी तिला पुन्हा उशीर झाला.

संध्याकाळी ताटावर बसलेल्या अप्पांना मी म्हणाले, "अप्पा, तो धनदांडगा तुम्ही आहात."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "छापायच्या आधी कामून सांगितली न्हाईस?"

"मला माहीत नव्हतं."

"आपलं शेत तुला म्हाईत न्हाई?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "शांतीला वाईट वाटलं व्हय? माझ्याकडं आली असती तर..." पुढं ते थांबले. ती कशी येणार होती, हे त्यांनाही कळत होतं.

सकाळी फळ्या तारेवर होत्या. अप्पांनी शेजारी एक खुंट रोवला होता, चढताना हात धरायला. शांताक्काच्या डोक्यावर कधी कधी पाटी असते म्हणून. तिची नोकरी राहिली. मला कुणी मार्क दिले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.

सरांचा गुडघा त्यानंतर सरळ झालाच नाही. मुलगा त्यांना आणि काकूंना बंगळुरूला घेऊन गेला. तिथं म्हणे खालीवर करायला लिफ्ट आहे, पण चक्कर मारायला गाव नाही. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. आधी काल फोनवर बघितलेल्या एखाद्या खेड्याचं वर्णन, मग विचारतात, "वाट चालू हाय का?"

सुरुवातीला मी घरात बसून "चालू आहे" म्हणायची. आता वस्तीवरच्या बहुतेकांकडे गाड्या आल्यात, सगळे डांबरीनंच जातात. शांताक्काही पुढच्या वर्षी काम सोडणार आहे. एका रविवारी सरांनी विचारलं, "तूर कुठवर आली? खांद्याला लागती का?" मला सांगता आलं नाही. मग ते म्हणाले, "तार एकदा काढता येती पोरी. कुणी चाललं न्हाई तर उगवणाऱ्या गवताचं काय करणार?"

तेव्हापासून रविवारी उन्हं चढायच्या आत मी फळ्यांवरून उतरून वस्तीपर्यंत जाते आणि परत येते. कधी शांताक्का बरोबर असते, बहुतेक वेळा कुणी नसतं. यंदा तूर माझ्या खांद्याच्या वर गेली आहे आणि दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकली आहे. हातांनी बाजूला सारत गेलं, तर एक माणूस अजून जाऊ शकतो.