पंपाच्या स्विचवरचा टॅग

"अवो विहीणबाई, नळातून नुसती हवा येऊन राहिली! डोळ्यात साबण गेला वो माह्या!"

बाथरूममधून लेकीची सासू ओरडत होती, मागच्या शेडमध्ये पंप कण्हत होता, आणि मी मधोमध अंगणात उभा, हातात लाल पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन. त्या तुकड्याबद्दल मी गेल्या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. आणि मी न सांगणाऱ्यातला नाही, बरं का. आमच्या स्टील टाउनशिपच्या सेक्टर दहात कोणाचं कुत्रं शिंकलं तर पॉवर हाऊस नावाच्या बाजारात मी ते वाघाची डरकाळी करून पोचवतो. पण हे नाही.

आधी बॉयलरचं सांगतो. क्वार्टरच्या मागे, टिनाच्या शेडमध्ये, मी लाकडावरचा बॉयलर बसवला होता. एवढा मोठा, की त्याच्यावर दल्ली-राजहराच्या खाणीची मालगाडी चालली असती. खरं म्हणजे तेलाच्या ड्रमाएवढा. तिथून बाथरूम लांब. नळ सोडला की आधी बादलीभर गार पाणी, मग गरम. म्हणून सर्क्युलेटर पंप लावला. तो पाणी पाइपातून गोल फिरवत ठेवणार, म्हणजे नळ उघडताच गरम. पंप कधी चालायचा, कधी थांबायचा, हे सांगायला एक सेन्सर. तो मी बॉयलरच्या अंगालाच चिकटवला. माझा साळा दामोदर, आमच्याच स्टील प्लांटातला इलेक्ट्रिशियन, म्हणाला, भाऊजी, हा परतीच्या पाइपावर पाहिजे. तिथलं पाणी तापलं की पंप थांबेल, इथं तर दिवसभर फिरत राहील. त्याचं बरोबर होतं. म्हणून मला राग आला का? माहीत नाही.

एका रविवारी तो सेन्सर हलवायला आला. व्हॉल्व्ह बंद केला, पाइपातलं पाणी काढलं, जोडणीचा एक तुकडा कमी पडला म्हणून बाजारात गेला. जाताना पंपाच्या स्विचला तारेनं लाल पुठ्ठा बांधून गेला — 'चालू न करें. दामोदर.' प्लांटात हीच रीत. मशीनवर काम करणारा आपल्या नावाचा टॅग लावतो, आणि तो त्यानंच काढायचा. मोठा साहेबही हात लावत नाही, कारण आत कोणाचा हात असेल सांगता येत नाही. अख्ख्या नोकरीत मी दुसऱ्याचा टॅग काढला नव्हता.

तेवढ्यात नागपूरचे व्याही दारात. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी फोनवर बॉयलरचे एवढे पवाडे गायले होते, की विहीणबाई म्हणाल्या, पाहू तरी तुमचं ते गरम पाणी. लाइन रिकामी आहे हे मला ठाऊक होतं का? मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर 'आज बंद आहे' म्हणावं लागलं असतं. मी टॅग काढला — आणि स्विच दाबला.

बिनपाण्याचा पंप चालणार तरी किती? जळला. शेडभर धूर, वास, सगळे बाहेर, आणि दामोदर सायकलवरून उतरतोय. टॅग माझ्या खिशात होता. मी चारचौघात म्हणालो, "टॅग कावून नाही लावला रे तू?"

तो भांडला असता तर? भांडला नाही. स्विचकडे पाहिलं, खाली जमिनीवर शोधलं, आणि मग — हे मला अजून समजत नाही — स्वतःचेच खिसे चाचपले. "लावला होता नं मी?" हे त्यानं मलाच विचारलं. मी विहीणबाईंसाठी टॉवेल शोधायला गेलो.

पुढे मी त्याची गोष्ट केली, दामोदर टॅग लावायला विसरला म्हणून. दर वेळी धूर उंच होत गेला. शेवटी शेवटी तर फायर ब्रिगेड येऊन गेली होती. लोक पोट धरून हसत, दामोदरही हसायचा. पण त्याच्या गँगमध्ये त्याला 'बिनटॅग' म्हणू लागले. तो प्लांटच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचा, आपलाच टॅग पाहायला. एकदा नाही, तीन-तीनदा. मग त्यानं स्वतःच अर्ज करून इलेक्ट्रिकलचं काम सोडलं आणि नंदिनीच्या चुनखडीच्या खदानीत स्टोअरला बसला. बायको म्हणाली, त्याले स्वतःवरच भरोसा नाही राहिला. मी म्हणालो, होतं असं.

पुठ्ठा मात्र मी ठेवला. बॉयलरमध्ये सरकवला असता तर क्षणात राख. का ठेवला? स्कूटरच्या डिक्कीत, कागदांच्या खाली, इतकी वर्षं?

गेल्या महिन्यात मी नंदिनी नगरला गेलो. दामोदर आता रिटायर आहे. पुठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट दोन वाक्यांत संपली. त्यानं चष्मा लावला. स्वतःचं अक्षर वाचलं. गंजलेल्या तारेचा पीळ बोटानं पाहिला.

"म्हणजे लावला होता मी," तो म्हणाला.