मुकादमांची फॉरेनची हरळी

“मूळ राहिलं की वो!”

कोपरखैरण्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे मुकादम हे वाक्य उठता-बसता म्हणत. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडींच्या एका टोळीचे ते मुकादम, म्हणून आम्हीही त्यांना मुकादमच म्हणायचो. मी दाढ काढून आलो, गालात कापसाचा बोळा, आणि हे दारात उभे. “डॉक्टरनं मूळ काढलं ना? न्हाईतर परत उगवंल.” बायकोचं नि समोरच्या वहिनींचं नळावरचं भांडण मिटलं, सगळ्यांनी मिळून चहा घेतला, तर हे कपबशी ठेवता ठेवता म्हणाले, “मिटलं खरं, पर मूळ राहिलं.” आणि ते राहिलेलंच निघायचं, हा खरा ताप.

ही सगळी भाषा हरळीची. साताऱ्याकडे त्यांच्या वडिलांनी जन्मभर रानातली हरळी खणली. आपण गणपतीला दुर्वा वाहतो ना, तीच ही. देवाला ती आवडते, शेतकऱ्याच्या मात्र डोक्यात जाते. एक कांडं मातीत राहिलं की वावर पुन्हा तिचं. पुढे मी कुठेतरी वाचलं, की आफ्रिकेपासून आपल्या अंगणापर्यंत जिथे म्हणून ऊन आहे तिथे ही बया न बोलावता उगवते. आमच्या मुकादमांनी मात्र तिला बोलावून, टेम्पोत बसवून घरी आणली!

त्याचं असं झालं. त्यांची मुलगी महाप्याला एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिथल्याच एका फिटर पोराशी तिचं जमलं होतं. पोरगा सातारचा, जातीतला, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नाही. अडलं होतं ते त्याच्या बापापाशी. म्हातारा गावाकडे शेती करणारा, आणि त्याचं एकच म्हणणं: “मुंबईची मान्सं मातीला इसरल्याली असत्यात. असल्या घरातली सून नको.” तरी एकदा मुलगी बघायला येतो म्हणाला. पोरीने आईला सांगून टाकलं होतं, करीन तर याच्याशीच.

मुकादमांची झोप उडाली. म्हाताऱ्याला दारात हिरवं काहीतरी दिसलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्याने घेतलं. महाप्याच्या एका कंपनीच्या गेटापुढे त्यांनी लॉन बघितली होती. झालं! नर्सरीवाल्याने गवताच्या चौकोनी लाद्या आणून अंगणात अंथरल्या. “एकदम फॉरेनचं. गोल्फला हेच लावतात,” असं तो म्हणाल्याचं मुकादमांनी आख्ख्या गल्लीला सांगितलं. गोल्फ म्हणजे काय हे गल्लीत कोणालाच धड माहीत नव्हतं, त्यामुळे वजन आणखी वाढलं.

थोड्याच दिवसांत त्या फॉरेनच्या पाहुणीने माझ्या ओट्याच्या फटीत पाय पसरले. कांड्याकांड्याला मुळं, वर तीन पात्यांचा तुरा. मी शहरात वाढलेला माणूस, पण दर गणपतीला दुर्वा निवडतो हो!

“मुकादम, ही हरळी तर नव्हे?”

“गप ऱ्हावा सायेब! फॉरेनची हाय ती,” ते म्हणाले, आणि उकिडवे बसून बायकोच्या कात्रीने तुरे कापायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना केव्हाच कळलं होतं.

बघण्याच्या दिवशी लॉनवर खुर्च्या मांडल्या. शेजारधर्म म्हणून मीही एका खुर्चीत. म्हातारा आला, धोतर सावरून बसला, वहाणा काढल्या. मुकादम अंबाडीच्या भाजीपासून विठोबापर्यंत सगळ्या विषयांवर बोलत होते, खाली बघू नका एवढंच सांगायचं बाकी होतं. म्हाताऱ्याने अंगठ्याने गवत चाचपलं. मग वाकून एक वेल उचलली.

“पाव्हणं, हरळी पाळलीया व्हय तुमी?”

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्यावरच थबकली. मला वाटलं, मोडलं लग्न.

मुकादमांनी कपाळाचा घाम पुसला. “हरळीच हाय. फॉरेनची म्हनून इकत आनली. फसलो.”

“तुमचा बाप असता तर?”

“पायातलं काढून हानलं असतं.”

म्हाताऱ्याने हातातली वेल ओढली. ती कट्कन तुटली. आणि काय सांगू तुम्हाला, लग्न मोडायची वेळ, समोर व्हायचा व्याही, तरी आमच्या मुकादमांना राहवेना.

“अवो, मूळ राहिलं की!”

म्हाताऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, “खुरपं हाय का घरात?”

खुरपी निघाली. इस्त्रीच्या कपड्यांतले ते दोन बाप्ये उकिडवे बसून हरळी उपटायला लागले. पोहे थंड झाले. मुलीने ट्रे माझ्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि घमेलं घेऊन आली. “हितंच टाकू नका मामा, परत धरंल,” म्हणाली. म्हातारा खुरपं थांबवून हसला. लग्नाची तारीख त्या खड्ड्यात बसूनच ठरली. फॉरेनच्या लॉनला टक्कल पडलं ते पडलंच.

पुढच्याच वर्षी मुकादम गेले. मार्केटात दुपारची भाकरी खाऊन गोण्यांच्या थप्पीला टेकले, ते उठलेच नाहीत. एवढा दांडगा गडी! मला अजून पटत नाही.

तेराव्याला व्याही गावाहून आले. जेवणं झाली, माणसं पांगली. अंगणात हरळी पुन्हा हातभर पसरली होती. म्हाताऱ्याने कोणाला न विचारता खुरपं घेतलं आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मला नुसतं बघत बसवेना. मीही शेजारी बसलो, एक वेल धरली आणि ओढली. ती वरच्या वर तुटली.

तुटलेली वेल हातात धरून मी तसाच थांबलो. म्हातारा माझ्याकडे बघत होता. दारातून मुलगी बघत होती. ते वाक्य कोणीच म्हणालं नाही.