पाहुण्यांसाठी मळकी मुलं

आंबिवलीजवळच्या खेड्यात आम्ही डोंबिवलीकर तिथल्या मुलांचं उन्हाळी शिबिर चालवायचो. आमच्या प्रमुखांची खादी कडक इस्त्रीची, आणि गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत. मुलांपेक्षा त्यांचा जीव पाहुण्यांवर.

समारोपाला पाहुणे मुलांची तोंडं धुऊन स्वच्छतेचा धडा देणार होते. पण पाहुणे येणार म्हणून आयांनी मुलांना सकाळीच न्हाऊ घालून, तेल लावून पाठवलं. प्रमुख हिरमुसले.

"अहो, मग पाहुण्यांनी धुवायचं काय?" असं मलाच विचारून त्यांनी शिट्टी फुंकली आणि मुलांना धुळीत हुतूतू खेळायला पिटाळलं.

पाहुण्यांनी एका मळक्या पोरीचं तोंड धुतलं. फोटो निघाला.

"यांना सवयच नाही हो," प्रमुख पाहुण्यांना म्हणाले.

शेजारी तिची आई रिकामी कळशी घेऊन उभी होती. ते पाणीही तिनंच नदीवरून आणलं होतं.