भांड्यांशी बोलणारी फुलाबाई

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमत नव्हतं. कोणाच्या हाती हे पडलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. फुलाबाईचा फोटो आहे तो फक्त आधार कार्डावरचा, आणि त्यात ती भ्यायलेली दिसते. ती भित्री नव्हती. कुठेतरी तेवढं तरी लिहिलेलं असावं.

राजापेठेत क्लासच्या मुलींसाठी एक मेस आहे. तिथे मी पोळ्या लाटायची आणि फुलाबाई मागच्या मोरीवर भांडी घासायची. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मोरीवरून बोलणं ऐकू आलं. कोणी बाई कोणावर तरी रागावत होती, मग समजूत घालत होती, मग हसलीसुद्धा. भाषा मला कळेना. डोकावून पाहिलं तर तिच्यासमोर कोणीच नव्हतं. वरणाचा मोठा गंज आडवा पडला होता आणि ती त्यात अर्धी शिरून बूड खरवडत होती.

“कोनाशी बोलून रायली वो?” मी विचारलं.

“गंजाशी.”

“कोन्त्या भाषेत?”

“कोरकूत. याले मराठी येत नाई,” असं म्हणून तिनं गंज उपडा केला आणि त्याच्या पाठीवर एक चापट मारली.

मी चारचौघांत बोलायला लाजते. तीही माणसांशी कमीच बोलायची. त्यामुळे आमचं जमलं.

ती धारणीकडच्या, कोरकू आदिवासींच्या एका गावातली. नवरा बांधकामावर मजुरीला अमरावतीत आला आणि परांचीवरून पडून गेला. ही लहान सरिताला घेऊन इथेच राहिली. सरिताला पहिलीत घातलं तेव्हा बाईंनी तिला काही विचारलं, पोर कोरकूत काहीतरी बोलली, आणि सगळा वर्ग हसला. पुढे पोरं तिला ‘जंगली’ म्हणू लागली. बाईंनी फुलाबाईला बोलावून सांगितलं, “घरी मराठीच बोला, नाहीतर ही मागे राहील.”

फुलाबाईनं ते शब्दशः पाळलं. त्या दिवसापासून खोलीच्या उंबऱ्याच्या आत कोरकूचा एक शब्द नाही. पोर सुरुवातीला कोरकूत काही मागायची तर ही ऐकू न आल्यासारखी बसून राहायची. पाणी मराठीत मागेपर्यंत पाणीसुद्धा द्यायची नाही. हळूहळू पोर कोरकू विसरूनच गेली.

“अवं, मराठी शिकव, पन आपली बोली काहून तोडतं?” मी एकदा म्हटलं. “दोन्ही बोल ना पोरीशी.”

“तिले मोठं व्हायचं हाय.”

“मंग मराठीत तरी बोलतं का तिच्याशी घडीभर?”

तिनं घासणी थांबवली. “माह्यापाशी मराठी थोडीच हाय, कमलताई. जेव. झोप. शाळेत जा. एवढी. ते रोज बोलतो.”

बाकीचं सगळं बोलणं भांड्यांच्या वाट्याला आलं. कढईला ती सासू समजायची आणि टोमणे मारायची. तव्याशी तिचं कधी पटलं नाही. कामातून सवड मिळाली की मी तिच्याजवळ बसून एकेक शब्द विचारायची. डा म्हणजे पाणी. बुलुम म्हणजे मीठ. मी चुकले की ती खो-खो हसायची. “अशी बोलशीन तं गंज घाबरून पळन!” मला शिकवताना ती जेवढी हसली तेवढी मी तिला दुसऱ्या कशानं हसताना पाहिली नाही.

माझ्याही घरी काही वेगळं नव्हतं. इंग्रजी शाळेत जाणारी नात मला टोकायची, “आजी, मले नाही, मला म्हण.” मी घरात मुकी होत चालले होते. हे फुलाबाईला सांगितलं तेव्हा तिनं हातातला तवा खाली ठेवला. मग म्हणाली, “तुही तं भाषाच मराठी. तरी टोकते? मंग माह्यं काय घेऊन बसली!”

सरिता खरंच शिकली. नर्स झाली, अकोल्याच्या एका दवाखान्यात लागली, तिकडेच लग्न करून राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी आईला भेटायला यायची. पोरगी पलंगावर, आई जमिनीवर, मध्ये चहाचे कप. “बरी आहेस?” “बरी हाय. जेव.” मी तिथे असले तर दोघी माझ्याशी बोलायच्या, म्हणून मला मुद्दाम बोलावून घ्यायच्या.

एका सकाळी फुलाबाई मोरीवरच कोसळली. अर्धांगवायूचा झटका होता. सरितानं तिला अकोल्याला नेलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला फोन आला. “मावशी, तू ये. आई बोलते, पण मला कळत नाही.”

मी गेले. उजवी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की कधी कधी नंतर शिकलेली भाषा पुसली जाते, लहानपणची तेवढी राहते. फुलाबाईची मराठी गेली होती. ती छताकडे बघून सलग कोरकूत बोलत होती, आणि डावा हात चादरीवर गोल गोल फिरत होता.

सरितानं माझा दंड धरला. “काय म्हणते ती? माझ्याबद्दल म्हणते का?”

पेशंटच्या नुसत्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखणारी पोरगी ती. आणि तिच्या आईचं बोलणं तिला सांगायला मी, अकोट तालुक्यातल्या कुणब्याच्या घरची. मला डा कळलं, बुलुम कळलं. मी पाणी पाजलं. फुलाबाईनं तोंड फिरवलं आणि पुन्हा बोलू लागली.

“पाणी म्हणते. मीठ म्हणते,” मी म्हटलं. “बाकीचं मले नाई येत, बाई.”

सरितानं मोबाईलवर ते बोलणं टिपून ठेवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुलाबाई गेली.

त्यांच्यात माणूस गेल्यावर पुढे सवडीनं सागवानाची फळी कोरून गावाबाहेर रोवतात. चंद्र-सूर्य, घोडा असं त्यावर असतं. त्यासाठी सरिता गावी निघाली आणि मला बरोबर घेतलं. मामाच्या अंगणात पोचल्या पोचल्या तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला. अंगणातली सगळी माणसं फुलाबाईचा आवाज ऐकून जवळ सरकली. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

ऐकून झाल्यावर मामा म्हणाला, “हे तुले नाई बोलली, बेटी.”

“मग कोणाला?”

“बर्तनाले. म्हणते, तू जळला, काळा झाला. पाणी घे, मीठ लावतो. उजळ हो लवकर, पोरी जेवायले येतीन.”

“माझं नाव नाही का त्यात?”

“नाई.”

“मामा, पुन्हा ऐक. शेवटी बघ.”

त्यानं पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. मग हळूच विचारलं, “तुह्याशी ती कोरकूत बोलत होती का कधी?”

सरितानं मोबाईलसाठी हात पुढे केला. त्यानं मोबाईल धोतराला पुसून तिच्या हातात ठेवला.

फळी रोवताना बायका गाणं म्हणू लागल्या. मामीनं सरिताचा हात धरून तिला पुढे घेतलं. तिचे ओठ हलले नाहीत. मुलगी होती ती, आणि पाहुण्यासारखी माझ्याशेजारी परत येऊन उभी राहिली. त्यानंतर गावात तिनं कोणाला काही विचारलंही नाही.

परतीच्या बसमध्ये घाट सुरू झाल्यावर ती एकदम म्हणाली, “मावशी, पाणी कसं म्हणायचं?”

“डा.”

ती म्हणाली. मी सांगितलं, तसं नाही, असं. तिनं पुन्हा म्हटलं. मग मीठ विचारलं. मग विस्तव, लाकूड, गरम, काळं. वळणावळणाला एकेक शब्द मी देत गेले आणि ती खिडकीकडे तोंड करून घोकत गेली.

“आणि ‘माझी पोरगी’ कसं म्हणायचं?”

तो शब्द मला येत नव्हता. मोरीवर त्या शब्दाचं कधी काम पडलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली. परतवाडा अजून दूर होतं, आणि माझ्याजवळचे शब्द संपले होते.